वर्गणीतून उभी राहिलेली रेल्वे : विल्यम ऑग्डन

वाचकहो, शिकागो म्हटले की उंच इमारती आणि रेल्वेचे विशाल जाळे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या शहराचा पहिला नगराध्यक्ष विल्यम बटलर ऑग्डन याचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल.

ऑग्डनचा जन्म १८०५ साली न्यूयॉर्क राज्यातील वॉल्टन या गावी झाला. वकील व्हावे अशी त्याची इच्छा होती. पण कोवळ्या वयातच घरचा व्यवसाय अंगावर पडला आणि शिक्षण सुटले. १८३४ साली तो न्यूयॉर्कच्या विधिमंडळावर निवडून आला. ईरी रेल्वेला सरकारी मदत मिळावी, हा आग्रह त्याने तेथे धरला.

१८३५ साली मेहुण्याने घेतलेली जमीन पाहण्यासाठी तो शिकागोस आला. दलदल पाहून, मेहुण्याने मूर्खपणा केला असेच त्याला वाटले. परंतु जमिनीला भाव चढला आणि तो तेथेच स्थायिक झाला. १८३३ च्या तहाने या प्रदेशावरील हक्क सोडावे लागलेल्या पोटावाटोमी लोकांना मात्र पश्चिमेकडे जावे लागले, हेही विसरून चालणार नाही.

१८३७ साली तो नगराध्यक्ष झाला. गावची वस्ती जेमतेम चार हजार! त्याच वर्षी मोठी मंदी आली व लोक देणी थांबवण्याची भाषा करू लागले. तेव्हा शहराची अब्रू घालवू नका, असे त्याने नागरिकांना कळकळीने विनवले.

त्याची खरी कसोटी पुढेच लागली. गॅलेनाच्या शिशाच्या खाणींकडे जाणारी रेल्वे त्याला बांधायची होती. पूर्वेकडील भांडवलदारांनी हात आखडता घेतला. बैलगाड्या येईनाशा झाल्या तर आपला धंदा बुडेल, या भीतीने शहरातील अनेक दुकानदारही विरोधात गेले. मग ऑग्डन आपला सहकारी स्कॅमन याच्यासह गावोगाव फिरला. माल चिखलातून वाहून नेताना हैराण झालेल्या शेतकऱ्यांना रेल्वेचे मोल सांगावे लागले नाही. त्यांनी हप्त्याहप्त्याने भागांचे पैसे भरले. दूध-अंडी विकून साठवलेल्या पैशांतून गृहिणींनीही भाग घेतले. १८४८ साली 'पायोनियर' हे जुने, वापरलेले इंजिन या रुळांवरून धावले आणि परतताना शेतकऱ्याचा गहू शहरात घेऊन आले. लवकरच गाड्या भरभरून धान्य येऊ लागले. जे दुकानदार घाबरले होते, त्यांचीच भरभराट झाली!

१८६० साली तो इलिनॉय राज्याच्या सिनेटवर निवडून आला. १८६२ साली युनियन पॅसिफिक रेल्वेचे पहिले अध्यक्षपदही त्याला मिळाले. तथापि लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा त्याला पटला नाही. इतक्या दूरदृष्टीच्या माणसाची नजर येथे तोकडी पडली, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागोत आग लागली व त्याचे घर भस्मसात झाले. त्याच रात्री विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो येथे वणवा भडकला. त्यात हजाराहून अधिक माणसे दगावली आणि ऑग्डनची लाकडाची गिरणीही गेली. छासष्ट वर्षांचा हा वृद्ध पुन्हा उभारणीस लागला. १८७७ साली त्याचे निधन झाले.

त्याच्या मालमत्तेतील काही वाटा पुढे शिकागो विद्यापीठाच्या विज्ञान शाखेच्या उच्च शिक्षणासाठी देण्यात आला. ज्याचे स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिले, त्याच्या पैशावर इतरांची मुले शिकली. वाचकहो, मोठे काम धनिकांवाचून अडते असे आपण सहज म्हणून जातो. दूध-अंड्यांच्या पैशांवर धावलेली ही रेल्वे काही निराळेच सांगते.