सहभागी अंदाजपत्रक : वस्तीच्या कामांवर वस्तीचे मत

महापालिकेच्या अंदाजपत्रकातील काही रक्कम वेगळी काढून ती कोणत्या कामांवर खर्च करावी, हे त्या भागातील रहिवाशांनी चर्चा आणि मतदान करून ठरविणे, या पद्धतीस ‘सहभागी अंदाजपत्रक’ असे म्हणतात. निवडणुकीत नागरिक प्रतिनिधी निवडतो आणि पुढील पाच वर्षे त्याच्या प्रभागातील पदपथ, पथदिवे किंवा सांडपाणी वाहिनी यांविषयीचे निर्णय तो प्रतिनिधी व प्रशासन घेतात. सहभागी अंदाजपत्रकात हा निर्णय अंशतः नागरिकाच्या हाती येतो. ब्राझीलमधील एका शहरात १९८९ मध्ये सुरू झालेली ही पद्धत पुढे जगभरातील अनेक शहरांनी स्वीकारली. पुणे महापालिकेनेही २००६ मध्ये तिचा प्रयोग केला. मात्र नावाने एकच असलेल्या या प्रयोगांत मोठे अंतर आहे. कोठे नागरिकाचे मत बंधनकारक असते, तर कोठे ती केवळ सूचना ठरते. प्रयोगाचे भवितव्य बव्हंशी याच फरकावर अवलंबून राहिल्याचे दिसते.

पोर्तो अलेग्रेचा प्रारंभ

ब्राझीलच्या दक्षिण टोकाला असलेल्या रिओ ग्रांदे दो सुल या राज्याची पोर्तो अलेग्रे ही राजधानी. १९९० च्या सुमारास तिची लोकसंख्या बारा-तेरा लाख होती. देशात १९६४ पासून असलेली लष्करी राजवट १९८५ मध्ये संपली आणि १९८८ च्या नव्या राज्यघटनेने शहरांना अधिक अधिकार व अधिक महसूल दिला. अंदाजपत्रकात सहभाग मिळावा, ही मागणी शहरातील वस्तीसंघटनांच्या महासंघाने १९८६ मध्येच केली होती. १९८८ च्या निवडणुकीत कामगार पक्षाचे ओलिव्हिओ दुत्रा महापौरपदी निवडून आले आणि पुढील वर्षी ही मागणी प्रत्यक्षात आली.

आरंभ मात्र आशादायक नव्हता. महापालिकेचा जवळजवळ सारा महसूल कर्मचाऱ्यांच्या वेतनावर खर्च होत होता. लोकांनी सभांमध्ये कामे सुचविली. परंतु ती करण्यास पैसाच नव्हता. परिणामी दुसऱ्या वर्षी उपस्थिती रोडावली आणि जेमतेम हजारभर लोकही सभांना आले नाहीत. महापालिकेने त्यानंतर मिळकतकराची फेररचना करून अधिक मूल्याच्या मिळकतींवर अधिक दराने आकारणी केली आणि उत्पन्न वाढविले. सभांत ठरलेली कामे डोळ्यांसमोर उभी राहू लागली, तशी गर्दी वाढली. दशकाच्या अखेरीस वर्षाकाठी सुमारे ४० हजार लोक या प्रक्रियेत भाग घेऊ लागले. त्यांत अल्प उत्पन्न गटातील लोकांचे प्रमाण लक्षणीय होते. एरवी ज्यांचा आवाज महापालिकेपर्यंत पोहोचत नसे, अशांनीच ही पद्धत उचलून धरली.

वाटपाचे सूत्र

या पद्धतीचे बळ सभांच्या गर्दीपेक्षा तिच्या नियमांत अधिक होते. शहराचे १६ विभाग पाडण्यात आले. १९९४ पासून त्यांच्या जोडीला वाहतूक, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवरील स्वतंत्र सभाही भरू लागल्या. वर्षारंभीच्या सभेत महापालिकेचे अधिकारी व महापौर मागील वर्षी मंजूर झालेल्या कामांचा हिशेब देत. कोणते काम झाले, कोणते राहिले आणि का राहिले, हे सर्वांसमोर सांगावे लागे. त्यानंतर विभागातील रहिवासी आपल्या गरजांचा प्राधान्यक्रम ठरवीत आणि उपस्थितांच्या संख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी निवडत. अधिक लोक आले तर प्रतिनिधी अधिक, या नियमामुळे शेजाऱ्याला सभेला घेऊन जाण्यात प्रत्येक गल्लीचा स्वार्थ होता.

विभागीय व विषयवार सभांतून प्रत्येकी दोन सदस्य अंदाजपत्रक परिषदेवर जात. त्यांची मुदत एक वर्षाची असे. सलग दोनपेक्षा अधिक वेळा त्यांना राहता येत नसे आणि निवडणाऱ्यांना त्यांना परत बोलावण्याचाही अधिकार होता. ही परिषद अधिकाऱ्यांसमवेत बसून गुंतवणुकीचा आराखडा तयार करी. नगरसभेची अंतिम मंजुरी कायद्याने आवश्यकच होती. परंतु हजारो लोकांनी ठरविलेल्या आराखड्यात मोठे फेरफार करणे नगरसेवकांना राजकीयदृष्ट्या सोपे नव्हते.

विभागांमध्ये पैसा वाटण्यासाठी तीन निकष होते : विभागाची लोकसंख्या, तेथील सुविधांचा अभाव आणि विभागाने त्या कामाला दिलेले प्राधान्य. प्रत्येक निकषाला गुण असत आणि एकूण गुणांनुसार निधीचा वाटा ठरे. उदाहरणार्थ, रस्त्यांच्या डांबरीकरणासाठी निधी वाटायचा असेल, तर ज्या विभागात कच्चे रस्ते अधिक त्याला अधिक गुण मिळत. उत्तम रस्ते असलेल्या सधन विभागाने तीच मागणी पहिल्या क्रमांकावर ठेवली, तरी अभावाच्या रकान्यात तो मागे पडे. गरीब वस्त्यांनी प्रारंभी डांबरीकरण आणि मलनिस्सारण यांवर भर दिला. रस्ता पक्का झाल्याखेरीज कचऱ्याची गाडी किंवा बस वस्तीच्या आत येत नाही, हा त्यामागील रोजचा अनुभव होता.

जागतिक बँकेने नोंदविलेल्या आकड्यांनुसार पाणी व मलनिस्सारण जोडणी असलेल्या घरांचे प्रमाण १९८८ मध्ये ७५ टक्के होते, ते १९९७ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेले. १९९६ मध्ये इस्तंबूल येथे झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतविषयक परिषदेत या प्रयोगाची अनुकरणीय उपक्रम म्हणून दखल घेण्यात आली. ब्राझीलमधील शहरांच्या तुलनेवर आधारित आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतही ही पद्धत राबविणाऱ्या शहरांनी आरोग्य व स्वच्छतेवर अधिक खर्च केल्याचे आणि तेथे बालमृत्यूचे प्रमाण घटल्याचे आढळून आले.

प्रसार आणि बदलते रूप

ब्राझीलबाहेर पडताना या पद्धतीचे स्वरूप बदलले. अमेरिकेत शिकागो शहराच्या ४९व्या प्रभागाचे प्रतिनिधी जो मूर यांनी २००९ मध्ये आपल्या वाट्याचा सुमारे १३ लाख डॉलरचा प्रभाग निधी रहिवाशांच्या मतावर सोडला. आपल्याकडील नगरसेवक निधीशी मिळताजुळता असा हा निधी होता. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या चार नगरसेवकांनी त्याचे अनुकरण केले. त्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचे तिघे व रिपब्लिकन पक्षाचा एक होता. या शहरांत मतदानासाठी नागरिकत्वाची अट ठेवण्यात आली नाही. त्या भागात राहणे पुरेसे मानले गेले. स्थलांतरित आणि अल्पवयीन मुले यांना सार्वत्रिक निवडणुकीत मत नसते, परंतु शाळेची स्वच्छतागृहे किंवा बसथांबा यांच्याशी त्यांचा संबंध रोजचा असतो, असा त्यामागील विचार होता.

पॅरिसमध्ये २०१४ मध्ये अ‍ॅन हिदाल्गो महापौर झाल्यावर भांडवली खर्चाचा ५ टक्के भाग या पद्धतीसाठी राखून ठेवण्यात आला. पहिल्या वर्षी पालिकेने स्वतःच १५ प्रकल्प सुचविले आणि ४० हजारांहून अधिक रहिवाशांनी त्यांतील ९ निवडले. इमारतींच्या भिंतींवर हिरवळ फुलविण्याचा प्रकल्प त्यांत आघाडीवर होता. सुस्थितीतील भागांचे प्रस्ताव अधिक येतात आणि कष्टकरी वस्त्या मागे राहतात, असे ध्यानात आल्यावर पुढे कष्टकरी वस्त्यांसाठी निधीचा स्वतंत्र हिस्सा राखण्यात आला. पोलंडने तर २०१८ मध्ये कायदाच केला आणि जिल्ह्याचा दर्जा असलेल्या शहरांना आपल्या खर्चाच्या किमान अर्धा टक्का रक्कम या पद्धतीने खर्च करणे बंधनकारक केले.

मते मोजण्याचा प्रश्न

मतदान म्हटले की ज्या कामाला अधिक मते ते मंजूर, ही रीत सहज सुचते. निधी संपेपर्यंत यादीतील कामे वरून खाली मंजूर करीत जावे, असा हा सरळ हिशेब आहे. त्यात एक मोठा दोष राहतो. एखाद्या प्रभागात ५५ टक्के मतदार मोठ्या सोसायट्यांत आणि ४५ टक्के नाल्याकाठच्या वस्तीत राहतात, असे समजू. सोसायट्यांतील सर्वांनी उद्यान, बाके आणि पदपथाचे सुशोभीकरण यांना मते दिली, तर सारा निधी तेथेच संपेल आणि ४५ टक्के लोकांच्या वाट्याला एक रुपयाही येणार नाही. मतमोजणीत कोणतीही लबाडी न होता हे घडेल.

यावर उपाय म्हणून ‘समान वाटा पद्धत’ पुढे आली आहे. उपलब्ध निधी सर्व मतदारांत कागदोपत्री सारखा वाटला जातो. एखाद्या कामाला मत देणाऱ्यांच्या वाट्यातून त्या कामाचा खर्च भागत असेल तरच ते मंजूर होते आणि तेवढी रक्कम त्यांच्या वाट्यातून वजा होते. सार्वजनिक मंडळाच्या वर्गणीशी याची तुलना करता येईल. फरक एवढाच की येथे प्रत्येकाची वर्गणी समान असते आणि ती सार्वजनिक तिजोरीतून आलेली असते. वरील उदाहरणात सोसायट्यांना निधीच्या सुमारे ५५ टक्क्यांवर हक्क सांगता येईल. उरलेल्या ४५ टक्क्यांतून वस्तीतील गटार बंदिस्त होऊ शकेल. २०२३ मध्ये पोलंडमधील वियेलिच्का आणि स्वित्झर्लंडमधील आराउ या शहरांनी या पद्धतीने निकाल लावले.

केरळ आणि पुणे

भारतात लोकसहभागातून नियोजनाचा सर्वांत मोठा प्रयोग केरळमध्ये झाला. १९९६ च्या ऑगस्टमध्ये तेथील सरकारने लोकयोजना मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजना निधीपैकी ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविली. ग्रामसभांमध्ये गरजा मांडल्या जात, त्यांवरून विकास अहवाल व प्रकल्प तयार होत. येथे भर मतपत्रिकेपेक्षा चर्चेवर होता. पण निधी आधी आणि चर्चा नंतर, हा क्रम त्यात पाळला गेला.

पुणे महापालिकेत २००६ मध्ये, तत्कालीन आयुक्त नितीन करीर यांच्या कारकिर्दीत, २००७-०८ च्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागविण्यात आली. नागरिकाने विहित अर्ज भरून आपल्या भागातील काम सुचवायचे, क्षेत्रीय कार्यालयातील अभियंत्यांनी ते शक्य आहे की नाही हे पाहून पूर्वगणनपत्रक करायचे आणि प्रभाग समितीच्या मान्यतेनंतर ते अंदाजपत्रकात समाविष्ट करायचे, अशी ही रीत. पाच लाख रुपयांपर्यंतची लहान कामे त्यात सुचविता येत : पदपथाची दुरुस्ती, पथदिवे, बसथांबा, सार्वजनिक स्वच्छतागृह, सांडपाण्याची वाहिनी. पावसाळ्याच्या अखेरीस अर्ज घेतले जात आणि आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे जाण्यापूर्वी ते निकाली निघत.

देशातील मोठ्या शहरांत अशा आरंभीच्या प्रयोगांत पुण्याची गणना होते, आणि तो एका वर्षाच्या उत्साहात न विरता पुढेही चालू राहिला, हे त्याचे श्रेय आहे. तथापि, पोर्तो अलेग्रेशी तुलना करता त्यातील उणिवा स्पष्ट दिसतात. पुण्यात नागरिक सूचना करतो, मतदान करीत नाही. एकाच प्रभागातील दोन कामांपैकी कोणते आधी, हे शेजाऱ्यांनी समोरासमोर बसून ठरविण्याची जागा अर्जाच्या रकान्यांत नसते. निवड प्रभाग समितीत होते आणि अर्ज का नाकारला हे अर्जदाराला कळेलच, याची खात्री नसते. एकूण अंदाजपत्रकाच्या तुलनेत या कामांचा वाटा अतिशय लहान राहिला आहे. मार्च २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपून प्रशासक आल्यानंतरच्या काळात तर नागरिकाची सूचना आणि तिच्यावरील निर्णय या दोहोंच्या मध्ये नगरसेवकही नव्हता.

चर्चेसाठी कायदेशीर जागा नाही, असे मात्र म्हणता येत नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानाची अट म्हणून महाराष्ट्राने २००९ मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद करणारा कायदाही केला. खेड्यातील ग्रामसभेप्रमाणे शहरातील मतदारांची ही सभा. परंतु ती बहुतांशी कागदावरच राहिली.

यशापयशाचे निकष

पोर्तो अलेग्रेचा उत्तरार्धही तितकाच बोलका आहे. २००४ च्या निवडणुकीत कामगार पक्षाची तेथील सत्ता गेली. नव्या प्रशासनाने सभा बंद केल्या नाहीत. मात्र मंजूर झालेली आणि न झालेली कामे साचत गेली. २०१७ मध्ये तर तेथील महापौरांनी पैशांअभावी ही प्रक्रियाच स्थगित केली. ज्या कारणाने दुसऱ्या वर्षी लोक सभांपासून दूर गेले होते, त्याच कारणाने तीन दशकांनंतर त्यांचा विश्वास पुन्हा उडाला. ठरलेले काम होत नाही, असे दिसले की पुढील सभेसाठी संध्याकाळ मोडायला कोणी तयार होत नाही. मजुरीवर जगणाऱ्यांना ही संध्याकाळ सर्वांत महाग पडते, म्हणून ते सर्वांत आधी बाहेर पडतात आणि सभा मूठभर वाकबगारांची होते.

त्यामुळे कोणत्याही शहरातील असा प्रयोग पारखताना मतदारांच्या आकड्यापूर्वी चार गोष्टी पाहणे आवश्यक ठरते : निधीची रक्कम आधी जाहीर झाली आहे काय, मागास भागाला अधिक वाटा देणारे सूत्र आहे काय, नागरिकांचा निर्णय प्रशासनावर बंधनकारक आहे काय, आणि मागील वर्षीच्या प्रत्येक कामाचा हिशेब त्याच नागरिकांपुढे ठेवला जातो काय. पुण्याच्या बाबतीत यांपैकी चौथी गोष्ट नवा कायदा न करताही सुरू होऊ शकते. सुचविलेल्या, मंजूर केलेल्या आणि पूर्ण झालेल्या कामांची प्रभागवार यादी, नकाराच्या कारणांसह, नवे अर्ज मागविण्यापूर्वी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावली, तर पुढचा अर्ज भरणाऱ्याला मागच्या अर्जाचे काय झाले हे तेथेच वाचता येईल.