वृद्धाश्रमात आपलं माणूस आहे? पूर-वादळाआधी एवढं विचारून घ्या

पूर-वादळात वृद्धाश्रमातल्यांना धोका फक्त पाण्याचा नसतो. वीज गेली आणि कुणी हलवलं नाही, तरी जीव जातो. 2017 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात इर्मा वादळानंतर एका वृद्ध-शुश्रूषा केंद्राचा एसी बंद पडला. हॉस्पिटल अगदी जवळ होतं, तरी रहिवाशांना वेळेत हलवलं नाही. उकाड्याने 12 जण दगावले.

पावसाळ्याआधी आश्रमात जाऊन विचारा:

• रात्री किती कर्मचारी असतात? अंथरुणाला खिळलेल्यांना कोण उचलणार, कुठे नेणार?
• इन्व्हर्टर किंवा जनरेटर चालतो का?
• पिण्याचं पाणी आणि औषधं 3 दिवस पुरतील का?
• प्रत्येकाची औषधांची यादी आणि घरच्यांचा नंबर कागदावर आहे का?

पुराचा इशारा आला की 1077 वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा. किती जणांना चालता येत नाही, तेही सांगा. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 108. हेळसांड दिसली तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.

सांभाळणाऱ्याने ज्येष्ठाला कायमचं टाकून देणं हा 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 24 प्रमाणे गुन्हा आहे. त्याला 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.