मांजराच्या सुईची बखर

आमच्या घरी मन्या नावाचा एक बोका आहे. वय नऊ वर्षे, रंग पिवळट, आणि अंगकाठी गेल्या पावसाळ्यापर्यंत तरी एखाद्या सावकाराला शोभावी अशी. श्रावणात त्याचे काहीतरी बिघडले. पाण्याचे भांडे तो पुन्हा पुन्हा रिकामे करू लागला. भरपूर खात असूनही वाळत चालला. मग एके दिवशी खाणेच टाकून पलंगाखालच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसला. ओरडणे नाही, कण्हणे नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, पोटाची सोनोग्राफी केली आणि सांगितले, "याला मधुमेह झाला आहे. शिवाय स्वादुपिंडाला सूज आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई द्यावी लागेल."

घरी आल्यावर खटला उभा राहिला. धाकटी म्हणाली, "पण बाबा, मन्याने तर कधी लाडूसुद्धा खाल्ला नाही!" आई म्हणाली, "अरे, पोट बिघडलंय त्याचं. दोन दिवस लंघन घाल, येईल ताळ्यावर." आणि शेजारचे नाना ओट्यावरूनच म्हणाले, "माणसांना औषध मिळत नाही, मास्तर, आणि तुम्ही मांजराला सुया टोचणार?"

तिघांचे तीन प्रश्न, आणि माझ्यापाशी एकाचेही उत्तर नव्हते. मग रोज रात्री वह्या तपासून झाल्या की मिळेल ते वाचीत बसलो. मौज अशी की तिन्ही उत्तरे एकाच गोष्टीत सापडली. या बखरीत राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. कुत्री आहेत, वासरे आहेत, डुकरे आहेत, आणि थोडी माणसे आहेत. दिवाळीच्या फराळाला ही गोष्ट चालेल असे वाटते, कारण तिचा विषय साखर हाच आहे.

मधुमेहाची ओळख आपल्याकडे फार जुनी. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी हेरून ठेवले होते. युरोपात १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने दाखवून दिले की ही गोडी साखरेचीच आहे, आणि ती रक्तातही असते. पण ही साखर शरीराच्या हातून सुटते कशी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. स्वादुपिंडावर तर फारसा कोणाचा संशयही नव्हता. जठराच्या मागे आडवी पडलेली ही ग्रंथी पाचक रस बनवते आणि एका नळीने आतड्यात सोडते, एवढेच ज्ञात होते. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स नावाच्या तरुण विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकातून या ग्रंथीत पेशींचे लहान लहान पुंजके दिसले, जणू समुद्रातली बेटे. ती कशासाठी आहेत हे त्यालाही सांगता आले नाही. पुढे त्या बेटांना त्याचेच नाव मिळाले.

मग आले १८८९ साल. या एका वर्षात मन्याचे दोन्ही रोग जगापुढे आले, तेही दोन निरनिराळ्या गावी.

पहिले गाव स्ट्रासबर्ग, त्या वेळी जर्मनीत असलेले. योझेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिंकोव्स्की या दोघांत वाद निघाला की स्वादुपिंडावाचून चरबी पचते की नाही. मिंकोव्स्कीने एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. कुत्रा जगला, पण शिकवलेला शहाणा कुत्रा जिथे तिथे लघवी करू लागला. मिंकोव्स्कीने ती तपासली तेव्हा तिच्यात बारा टक्के साखर निघाली! वाद चरबीचा आणि उत्तर मिळाले साखरेचे. मधुमेहाचे घर सापडले ते असे.

दुसरे गाव अमेरिकेतले बोस्टन. तेथे रेजिनाल्ड फिट्झ या वैद्याने त्याच वर्षी स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेचे पहिले नीट वर्णन मांडले. पुढे १८९६ साली हान्स कियारी याने तिचे मर्म सांगितले: ही ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. एरवी तिचा पाचक रस आतड्यात पोचेपर्यंत निजलेला असतो. तो वाटेतच जागा झाला की जिथे जन्मला तेच घर जाळतो. त्या आगीत कधी कधी ती साखर सांभाळणारी बेटेही होरपळतात. दोन्ही रोग पुष्कळदा हातात हात घालून येतात त्याचे एक कारण हे.

मांजराच्या बाबतीत निसर्गाने आणखी एक घोळ करून ठेवला आहे. त्याच्या स्वादुपिंडाची मुख्य नळी आतड्यात शिरण्यापूर्वीच पित्ताच्या नळीला मिळते. त्यामुळे एकीकडे बिघाड झाला की यकृत, आतडे आणि स्वादुपिंड ही तिन्ही भावंडे एकदम आजारी पडू शकतात. वर मांजर दुखणे लपवण्यात पटाईत. या रोगात माणूस कळवळतो, कुत्रा ओकतो आणि मांजर पुष्कळदा नुसते गप्प बसते.

आता धाकटीच्या प्रश्नाकडे येऊ. मांजराला गोडाची चवच कळत नाही. ती चव ओळखणारा एक जनुक त्याच्या कुळात निकामी झाला आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. तेव्हा लाडवावर आळ घेण्यात अर्थ नाही. मांजराला बहुधा जो मधुमेह होतो तो आपल्यातल्या थोरांना होणाऱ्या मधुमेहासारखा. इन्सुलिन थोडेफार असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. लठ्ठपणा, वाढते वय, खच्ची केलेला बोका असणे, ही त्याची नेहमीची निमित्ते. बर्मी जातीच्या मांजरांत काही देशांत तो अधिक आढळतो. आमचा सावकार या यादीत अगदी चपखल बसत होता.

आईच्या लंघनाचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तिच्या बाजूला मोठमोठे डॉक्टर उभे होते. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन या डॉक्टराने १९१० नंतरच्या दशकात मधुमेही रोग्यांना जवळजवळ उपाशी ठेवण्याची पद्धत रूढ केली. साखर पेलत नाही ना, मग खाऊच नका! त्याने काही मुले वर्ष दोन वर्षे अधिक जगली हे खरे, पण कशी? एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला आणि १९२२ च्या ऑगस्टात, पंधरा वर्षांची होत असताना, तिचे वजन अवघे पंचेचाळीस पौंड उरले होते. आईबापांनी लेकराच्या ताटातला घास मोजून काढून घ्यायचा आणि औषध निघेल म्हणून वाट पाहायची, असा तो काळ.

ते औषध निघाले, तेही एका शिकवणाऱ्याच्या हातून, याचा मला मास्तर म्हणून थोडा अभिमान वाटतो. कॅनडातल्या लंडन गावी फ्रेडरिक बँटिंग नावाचा शेतकऱ्याचा मुलगा डॉक्टरकी करीत होता. ती चालत नव्हती, म्हणून तो विद्यार्थ्यांना शिकवीतही असे. १९२० च्या ऑक्टोबरअखेरीस दुसऱ्या दिवशीच्या पाठाची तयारी करताना त्याने स्वादुपिंडावरचा एक लेख वाचला. रात्री दोन वाजता उठून त्याने वहीत टिपून ठेवले की नळी बांधून टाकावी, पाचक रस करणाऱ्या पेशी सुकू द्याव्यात, आणि उरलेल्या बेटांतून अर्क काढावा.

१९२१ च्या मे महिन्यात टोरोंटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लाउड यांनी त्याला जागा, काही कुत्री आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी मदतीला दिला. कुत्री कमी पडली तेव्हा या दोघांनी रस्त्यावरची कुत्री डॉलर-दोन डॉलरला विकत आणली. अनेक मेली. त्यांतली मार्जोरी नावाची एक कुत्री स्वादुपिंडावाचून सुमारे सत्तर दिवस जगली, ती केवळ त्या अर्काच्या सुयांवर. पण एक कुत्रा जगवायला दुसऱ्याचे स्वादुपिंड घ्यायचे, असा हा हिशेब. म्हणून ते खाटीकखान्याकडे वळले. शेतावर वाढलेल्या बँटिंगला तिथल्या गाभण गाई ठाऊक होत्या. प्रथम न जन्मलेल्या वासरांची, मग मोठ्या गुरांची स्वादुपिंडे आणून त्यांचा मद्यार्कात अर्क काढला, आणि तो लागू पडला. नळी बांधण्याची मूळ कल्पना गरजेचीच नव्हती, हे तेव्हा कळले! माणूस चुकीच्या वाटेने बरोबर गावाला पोचतो तो असा.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली. वजन पासष्ट पौंड, नुसता सांगाडा. अर्क अशुद्ध होता आणि गुण नाममात्र आला. मग जेम्स कॉलिप या रसायनज्ञाने रात्रंदिवस खपून तो शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा सुई दिली आणि साखर उतरली. त्याच वर्षी एलिझाबेथलाही सुई मिळाली. तिच्या ताटात पुन्हा पोटभर अन्न आले, आणि ती १९८१ पर्यंत जगली. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंगने आपला वाटा बेस्टला दिला आणि मॅक्लाउडने कॉलिपला. एकस्वाचे हक्क तर बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याची किंमत तीच, आणि शोधाचीही तीच!

पुढची साठ वर्षे जगाचे इन्सुलिन आले ते गाईगुरांच्या आणि डुकरांच्या पोटातून. आठ औंस शुद्ध इन्सुलिनसाठी दोन टनांहून अधिक स्वादुपिंडे लागत. आपल्याकडेही कित्येक वर्षे हेच इन्सुलिन येई. वसुबारसेला गाय-वासराची पूजा करणाऱ्या कितीतरी घरांतली माणसे त्याच्याच आधारावर जगली, आणि बहुतेकांना ते ठाऊकही नव्हते. जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्याची युक्ती १९७८ साली साधली आणि १९८२ साली ते बाजारात आले. तेव्हा कुठे हा भार जनावरांच्या डोक्यावरून उतरू लागला.

फ्रेडरिक सँगर या इंग्रज शास्त्रज्ञाने गाईचेच इन्सुलिन घेऊन त्याची घडण उलगडली, त्याबद्दल त्याला १९५८ चे नोबेल मिळाले. ही एक्कावन्न मण्यांची दोन सरांची माळ आहे. पुढे इतर प्राण्यांच्या माळा ताडून पाहिल्या तेव्हा गंमत दिसली. माणसाची आणि डुकराची माळ एका मण्याने वेगळी. कुत्र्याची आणि डुकराची अगदी एकच. आणि मांजराची माळ गाईच्या माळेहून केवळ एका मण्याने वेगळी! सोयरीक कुठे कुठे असते पाहा.

आता मन्याकडे येतो. डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितले, "आजी, माणसाला चालेल, पण मांजराला लंघन घालू नका. लठ्ठ मांजर चार दिवस उपाशी राहिले की त्याच्या यकृतात चरबी साठते आणि ते दगावू शकते." स्वादुपिंडाला विसावा म्हणून माणसांनाही पूर्वी उपाशी ठेवीत. आता तेथेही लवकर खाऊ घालावे असेच मत पडले आहे. म्हणून मन्याला आधी मळमळीचे आणि दुखण्याचे औषध दिले, सलाइन लावले आणि मग चमच्याचमच्याने अन्न दिले. मांसाचे अधिक, पिठाचे कमी. भीतीनेही मांजराची साखर चढते, म्हणून मागल्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगणारी रक्ताची निराळी चाचणी केली. रोगाची खात्री पटल्यावरच सुई सुरू झाली, दर बारा तासांनी एक युनिट. म्हणजे किती? मिलिलिटरचा शंभरावा भाग! आईला तर सुई रिकामीच वाटली.

हल्ली मांजरांसाठी तोंडाने द्यायचे औषधही निघाले आहे. अमेरिकेत २०२२ साली त्याला परवानगी मिळाली. त्याचे मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या एका द्रव्यात आहे, आणि त्या द्रव्याने लघवीत साखर उतरते हे प्रथम दाखवणारा गृहस्थ म्हणजे तोच स्ट्रासबर्गचा फॉन मेरिंग. पण स्वादुपिंड सुजलेल्या मांजराला ते देऊ नये असे डॉक्टर म्हणाले. आमच्या वाट्याला सुईच आली.

सुई देताना मन्या वाटीत तोंड घालून खात असतो, त्याला कळतही नाही. तो जेवला नाही तर ठरलेली मात्रा तशीच द्यायची नाही, डॉक्टरांना विचारायचे, असा दंडक आहे. साखर फार उतरली तर मांजर लटपटते, झिंगल्यासारखे करते. त्या वेळी हिरड्यांना मध चोळून तडक दवाखाना गाठायचा. मधाची बाटली आता देवघराशेजारी असते आणि घड्याळाकडे आईचे लक्ष माझ्याहून अधिक असते. लवकर उपचार झाले तर काही मांजरांची सुई पुढे सुटतेही. मन्याची सुटेल की नाही, सांगता येत नाही. सूज पुन्हा उलटू शकते.

राहिले नाना. त्यांचा प्रश्न खरा आहे, आणि तो मला अजून टोचतो. ज्या शोधाचे हक्क एका डॉलरला दिले, तो आजही जगातल्या पुष्कळ गरीब मुलांपर्यंत पोचत नाही. बँटिंगचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात, आणि आपल्याकडे तोच बालदिन असतो. त्या दिवशी हे आठवले की मान खाली जाते. पण मन्याची सुई थांबवली म्हणून ती त्या मुलांना मिळणार नाही. माणसाच्या लोभाची शिक्षा मांजराला कशाला? ही सुई माणसापर्यंत आली ती कुत्र्यांच्या जिवावर आणि गाईवासरांच्या पोटातून. त्यांना कोणी विचारले नव्हते. आज त्यांच्याच गोतावळ्यातल्या एकाला तिचा एक थेंब परत जातो आहे. याला चैन कसे म्हणावे? फार मोठ्या ऋणावरचे हे थोडेसे व्याज आहे.

हे सगळे मी नानांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण परवा आम्हा दोघांना लग्नाला जायचे होते आणि आईचे हात कापतात म्हणून मी अडून बसलो होतो, तेव्हा ओट्यावरून आवाज आला, "जा हो मास्तर. सात वाजता ना? मी देतो सुई."