शर्यतीच्या ट्रॅकवर ब्रेकची कसोटी

बोरघाट उतरणाऱ्या मालमोटारींच्या चाकांतून येणारा जळका वास मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना चांगलाच परिचित आहे. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात आणि अखेर काम देईनासे होतात. म्हणूनच जाणता चालक घाट खालच्या गिअरमध्ये उतरतो. शर्यतीच्या ट्रॅकवर नेलेल्या स्पोर्ट्स कारपुढे हाच प्रश्न अधिक उग्र रूपात उभा राहतो. ग्रेटर नोएडा येथे २०११ मध्ये सुरू झालेल्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची आहे. त्यातील एक सरळ टप्पा किलोमीटरभर लांबीचा असून त्याच्या अखेरीस तीव्र वळण आहे. तेथे गाडी प्रत्येक फेरीत आवरावी लागते आणि पुढच्या वळणापूर्वी ब्रेकना थंड होण्यास मोजकेच सेकंद मिळतात.

उष्णतेचे गणित

वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. दीड हजार किलो वजनाची मोटार ताशी २०० किलोमीटरवरून ८० किलोमीटरवर आणताना सुमारे १९ लाख ज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते. एवढ्या ऊर्जेत जवळपास पावणेसहा लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापवता येईल. हवेचा अवरोध सोडला, तर यातील बहुतेक सर्व भार ब्रेकवर पडतो, आणि तोही चार-एक सेकंदांत. म्हणजे तेवढ्या वेळात ब्रेक सुमारे ६५० अश्वशक्तीचे काम करतात. गाडीचे इंजिन बहुधा इतके शक्तिशाली नसते.

ही समस्या नवी नाही. १९५३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइप मोटारींना डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवले होते. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम ब्रेक लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी तापून थकत. उघडी चकती मात्र हवेत लवकर निवते. जॅग्वारने त्या वर्षी पहिला, दुसरा आणि चौथा क्रमांक पटकावला. सी-टाइपचे ब्रेक फेरीमागून फेरी सारखेच लागत होते, हे त्या यशाचे एक महत्त्वाचे कारण होते.

मोठे ब्रेक म्हणजे कमी अंतर?

मोठी चकती आणि रंगीत कॅलिपर बसवले की गाडी लवकर थांबते, हा समज सर्वत्र आढळतो. परंतु मूळ ब्रेक चाके जखडण्याइतके, म्हणजेच एबीएस कार्यान्वित करण्याइतके समर्थ असतील, तर थांबण्याचे अंतर टायरच्या पकडीवर ठरते. मोठ्या चकतीचा खरा उपयोग उष्णता सामावून घेण्याचा आहे. पहिल्या फेरीतील थांबणे आणि दहाव्या फेरीतील थांबणे सारखे राहावे, हे ब्रेक सुधारण्याचे प्रयोजन होय. त्यामुळे सुधारणेचा क्रमही उष्णतेच्या वाटेनेच ठरवावा लागतो.

पहिली पायरी : ब्रेक ऑइल

बोलीभाषेत ‘ब्रेक ऑइल’ म्हटला जाणारा हा द्रव सहसा तेल नसून ग्लायकॉलवर आधारित रसायन असते आणि ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यानंतरची किमान मर्यादा मात्र अवघी १५५ अंश आहे. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, तो दाब चाकापर्यंत पोहोचत नाही आणि पेडल थेट तळाला टेकते. शर्यतीसाठीच्या काही द्रवांचा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो, पण ते वारंवार बदलावे लागतात. सिलिकॉनवर आधारित डॉट ५ यांत कधीही मिसळू नये. हा सर्वांत स्वस्त बदल असून, जीव वाचवण्याच्या दृष्टीने पहिला आहे.

दुसरी पायरी : पॅड आणि हवा

पॅड मर्यादेपलीकडे तापले की त्यांचे घर्षण घटते. अशा वेळी पेडल घट्ट लागते, पण गाडी आवरत नाही. पेडल मऊ पडले तर दोष द्रवात, घट्ट राहूनही वेग उतरला नाही तर दोष पॅडमध्ये, ही ढोबळ खूण ध्यानात ठेवावी. ट्रॅकसाठीचे पॅड अधिक तापमान सोसतात. मात्र त्यांपैकी अनेक थंड असताना नीट पकडत नाहीत आणि कर्कश आवाज करतात. त्यामुळे शहरात परतण्यापूर्वी रस्त्यावरचे पॅड पुन्हा बसवणे इष्ट. नवे पॅड मध्यम वेगावरून वारंवार वेग उतरवून, पण गाडी पूर्ण न थांबवता, चकतीवर बसवून घ्यावेत आणि नंतर थंड होऊ द्यावेत.

पुढच्या बाजूने नळीवाटे चकतीच्या मध्यभागी हवा पोहोचवल्यास आतील पोकळ्यांतून ती बाहेर फेकली जाते व चकती निवते. पोलादी जाळीचे आवरण असलेल्या नळ्या रबरी नळ्यांपेक्षा कमी फुगतात, त्यामुळे पेडलचा अंदाज पक्का येतो.

तिसरी पायरी : चकती आणि कॅलिपर

एवढे करूनही ब्रेक थकत असतील, तरच मोठ्या चकतीचा विचार करावा. भोके पाडलेली चकती देखणी दिसते, परंतु कठोर वापरात भोकांच्या कडांपासून तडे जाऊ शकतात. खाचा असलेली किंवा साधी चकती अधिक भरवशाची ठरते. कार्बन-सिरॅमिक चकत्या वजनाने बऱ्याच हलक्या, पण बदलताना अत्यंत महागड्या असतात. केवळ पुढचे कॅलिपर मोठे केले तर मागच्या चाकांचा वाटा घटतो. मागचे ब्रेक प्रमाणाबाहेर वाढले, तर गाडी गिरकी घेण्याचा धोका असतो. कॅलिपरच्या दट्ट्यांचे क्षेत्रफळ वाढले की पेडल अधिक खोल जाते. म्हणून चारही चाकांचा मेळ साधणारा संच निवडावा. मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने निर्बंध आहेत, हेही रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याने विसरू नये.

शेवटची फेरी

ट्रॅकवरून उतरण्यापूर्वी एक फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, संथपणे घ्यावी. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये, कारण तापलेल्या चकतीला पॅड चिकटण्याचा संभव असतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांखाली ठोकळे लावावेत. आणि धावत असताना पेडल किंचित जरी खोल गेले, तरी ‘आणखी एकच फेरी’ हा मोह टाळून बाहेर पडावे. पेडल तळाला टेकलेच, तर ते भराभर दाबून दाब मिळतो का पाहावे, गिअर क्रमाक्रमाने उतरवावेत आणि वळणाबाहेरच्या मोकळ्या जागेकडे गाडी न्यावी. ब्रेक बहुधा निकामी होण्यापूर्वी सूचना देतात. ती ओळखण्याची सवय कोणत्याही महागड्या कॅलिपरइतकीच मोलाची आहे.