आजीबाईंची शाळा : फांगणे गावात साठीनंतर पाटी कशी हातात आली? जाणून घ्या

मुरबाड : गावात म्हाताऱ्या बायकांनी दुपारी बसायचं कुठे? घराची ओसरी, नाहीतर देवळाचा ओटा. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाने मात्र त्यांच्यासाठी वर्ग भरवला. 8 मार्च 2016 रोजी, महिला दिनी, इथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली.

सुरुवात कशी झाली?

त्याच वर्षीच्या शिवजयंतीला गावात वाचनाचा कार्यक्रम होता. आम्हालाही असं वाचता आलं असतं तर, असं काही आजी बोलून गेल्या. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने मदत केली आणि जेमतेम तीन आठवड्यांत शाळा उभी राहिली.

आजी आधी का शिकल्या नाहीत?

डोकं नव्हतं म्हणून नाही, संधी मिळाली नाही म्हणून. लहानपणी गुरं राखायची, भावंडं सांभाळायची, मग लवकर लग्न. भाऊ शाळेत गेला, बहीण घरी राहिली. तालुक्यातल्या कुठल्याही गावात हीच गोष्ट ऐकायला मिळेल.

वर्ग कसा भरतो?

• वय : साधारण 60 ते 90 वर्षे.
• वेळ : दुपारी 2 ते 4. तोवर घरची कामं उरकलेली असतात.
• गणवेश : गुलाबी नऊवारी. सधवा असो वा विधवा, सगळ्यांना एकच रंग.
• अभ्यास : प्रार्थना, बाराखडी, अंक, कविता आणि स्वतःचं नाव लिहिणं.
• शिकवायला गावातलीच सून. तिच्या सासूबाईही वर्गात पाटी घेऊन बसल्या.

अडचणी नाहीत असं नाही. कुणाला कमी दिसतं, कुणाला कमी ऐकू येतं. काल गिरवलेलं अक्षर आज आठवत नाही. मग तेच पुन्हा गिरवायचं. घरी नातवंडं अभ्यास घेतात.

सहीने काय फरक पडतो?

बँकेत अंगठा लावून पैसे काढायचे तर साक्षीदार लागू शकतो. श्रावणबाळ योजनेचे पैसे आपले, पण पासबुकात किती जमा झाले हे दुसऱ्याला विचारावं लागतं. अंक ओळखता आले की रक्कम स्वतः बघता येते. सही आली की कुणाची वाट बघावी लागत नाही. शिवाय दोन तास समवयस्क बायका एकत्र बसतात, सुखदुःख बोलतात. गावात ज्येष्ठांसाठी वेगळं केंद्र नसलं तरी ती गरज इथे भागते.

तुमच्या गावात काय करता येईल?

केंद्र सरकारचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आहे. 15 वर्षांवरील निरक्षर व्यक्तीला त्यात नाव नोंदवता येतं, वरची वयोमर्यादा नाही. शिकवायला गावातलेच स्वयंसेवक असतात. शेवटी वाचन, लेखन आणि आकडेमोडीची प्रत्येकी 50 अशी 150 गुणांची परीक्षा होते. चौकशी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत करा.

फांगण्यात सुरुवातीला इमारत नव्हती. होत्या त्या पाट्या, दुपारचे दोन तास आणि शिकवायला तयार असलेली एक सून. एवढं तर आपल्याही गावात जमू शकतं.