पाण्याच्या सोंडेची कुळकथा
'टर्मिनेटर २'मधला पोलीस मनोरुग्णालयाच्या गजांच्या दारातून आरपार चालत येतो. चेहरा गजांभोवती वाहतो, पलीकडे पुन्हा सांधला जातो. हातातलं पिस्तूल तेवढं गजांना अडकतं. अंग पाऱ्याचं, शस्त्र मात्र खऱ्या लोखंडाचं, हे प्रेक्षकाला एका शब्दाविना कळतं. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनच्या कल्पकतेचा पुरावा म्हणून मी आधी हे पिस्तूलच दाखवेन.

या पाऱ्याच्या माणसाचं कूळ पाण्यातलं आहे.

कॅमेरॉन १९५४ साली कॅनडातल्या कापुस्केसिंग इथे जन्मला. वडील विद्युत अभियंते, आई चित्रकार. कुटुंब कॅलिफोर्नियात आल्यावर काही काळ त्याने ट्रक चालवला आणि १९७७ साली 'स्टार वॉर्स' पाहून ते काम सोडलं. कमी पैशांत झटपट सिनेमे काढणाऱ्या रॉजर कॉर्मनच्या कंपनीत तो अवकाशयानांची मॉडेलं बनवू लागला. पुढे 'पिरान्हा २'च्या निमित्ताने रोममध्ये असताना, तापात त्याला स्वप्न पडलं: आगीतून सरपटत येणारा धातूचा सांगाडा. त्यातून 'टर्मिनेटर'ची कथा निघाली. सुरुवातीच्या आराखड्यात आणखी एक मारेकरी होता, द्रवरूप धातूचा. तो पडद्यावर आणण्याचं तंत्र तेव्हा कुणाकडेच नव्हतं. कॅमेरॉनने ओढाताण केली नाही. त्याला बाजूला ठेवलं आणि १९८४ चा सिनेमा एकट्या सांगाड्यावर पुरा केला.

द्रवरूप देहाची पहिली खरी परीक्षा झाली ती 'द अॅबिस'मध्ये, १९८९ साली. समुद्रतळाशी घडणारी ही गोष्ट चित्रित करायला दक्षिण कॅरोलायनातल्या अर्धवट सोडलेल्या अणुवीज प्रकल्पाची भलीमोठी टाकी सुमारे ७५ लाख गॅलन पाण्याने भरली होती. त्या सिनेमात एका प्रसंगात खोल पाण्यातले परके जीव समुद्राच्याच पाण्याची एक सोंड माणसांच्या तळात पाठवतात. ती सोंड नायक-नायिकेच्या चेहऱ्यांची नक्कल करते.

हे काम डेनिस म्युरेनच्या देखरेखीखाली इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत झालं. संगणकावर घडवलेलं पात्र याआधीही आलं होतं. १९८५ च्या 'यंग शेरलॉक होम्स'मध्ये रंगीत काचेच्या खिडकीतला योद्धा खाली उतरला होता. काच काय, पाणी काय, त्या काळच्या संगणकाला दोन्ही सोयीचं. कातडी नाही, केस नाहीत, फक्त चकाकी आणि आरपार दिसणं. सोंडेसाठी कलाकारांचे चेहरे लेसरने मोजून घेतले. पाण्यात सभोवतालची खोली परावर्तित व्हायला हवी, म्हणून सेटचे फोटो काढून जोडले. ते जोडायला वापरलेलं फोटोशॉप अजून बाजारातही आलेलं नव्हतं, पण त्याच्या दोन जनकांपैकी एक, जॉन नोल, याच कंपनीत कामाला होता. पडद्यावर सव्वा मिनिटभर दिसणाऱ्या या सोंडेसाठी कित्येक महिने गेले.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती पटकथेतली तजवीज. सोंड फसली असती तर अख्खा प्रसंग उचलून काढता आला असता, गोष्ट कुठेही तुटली नसती. धाडस करायचं, पण त्यावर सगळा सिनेमा टांगायचा नाही, ही कॅमेरॉनची शहाणीव त्याच्या भव्यतेच्या गवगव्यात झाकली जाते.

सोंड जमली. मग बाजूला ठेवलेला मारेकरी 'टर्मिनेटर २'मध्ये परत आला, पाण्याऐवजी पाऱ्याचा होऊन. त्याची भूमिका करणाऱ्या रॉबर्ट पॅट्रिकच्या अंगावर चौकटी रंगवून त्याची चाल चित्रित केली, म्हणजे संगणकातला देह तशाच ढबीने चालेल. तरीही दोन तासांहून मोठ्या त्या सिनेमात संगणकाचा वाटा पाचेक मिनिटांचा. छातीवर गोळ्या लागून उमलणाऱ्या चंदेरी जखमा स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांनी हाताने घडवल्या. रखवालदारासमोर त्याचंच रूप उभं राहतं, तिथे तर चक्क जुळे भाऊ घेतले आहेत! कोणतं काम यंत्राचं आणि कोणतं माणसाचं, याचा इतका नेमका हिशेब मोठ्या बजेटच्या सिनेमांत क्वचित दिसतो.

हाच म्युरेन १९९३ साली 'ज्युरासिक पार्क'च्या डायनोसॉरना कातडी चढवायला बसला, आणि हे कूळ अनेक घरांत पसरलं. कॅमेरॉनने मात्र पुन्हा वाट पाहणं पत्करलं. 'अवतार'ची कल्पना त्याने नव्वदच्या दशकातच लिहून काढली होती. तंत्र कच्चं म्हणून ती पडून राहिली आणि २००९ साली पडद्यावर आली. त्यात कलाकारांच्या डोक्याला बांधलेला छोटा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याची हरेक हालचाल टिपत होता. २०२२ च्या दुसऱ्या भागासाठी त्याने कलाकारांना पुन्हा टाकीत उतरवलं. पाणी तर आता संगणक हवं तसं बनवून देत होता, पण पाण्यात हलणारं माणसाचं अंग त्याला खरंच हवं होतं. बुडबुडे हालचाल टिपण्याच्या आड येतात, म्हणून सगळे श्वास रोखायला शिकले. केट विन्स्लेटने तर सात मिनिटांहून जास्त वेळ रोखून दाखवला.