शिरगणतीचे आकडे आणि मायबोली

सरकारी दप्तरातील माहिती सर्वांना खुली असावी, हा विचार आज नवा वाटतो. परंतु त्याचा एक जुना नमुना आपल्या परिचयाचा आहे, तो म्हणजे जनगणना. १८७२ साली झालेली पहिली शिरगणती सर्व प्रांतांत एकाच वेळी झाली नव्हती. १८८१ पासून मात्र देशव्यापी एककालिक गणना सुरू झाली आणि तिचे अहवाल छापून प्रसिद्ध होऊ लागले. २०११ पर्यंत हा दशवार्षिक क्रम चालला.

या अहवालांतील मातृभाषेचा रकाना महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजाच्या दृष्टीने विशेष मोलाचा ठरला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि भाषक संख्याबळाचा प्रश्न ऐरणीवर आला. खेडे हा घटक धरावा, असा महाराष्ट्राचा आग्रह होता. त्यामागील कारण उघड आहे. जिल्हा घटक धरला, तर सीमेलगतची मराठीबहुल गावे एकूण बेरजेत लुप्त होतात. खेडे घटक धरले, तर तीच गावे स्पष्ट दिसू लागतात. माणसे तीच, नोंदी त्याच. केवळ मोजण्याचा घटक बदलला की निष्कर्ष बदलतो. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल अमान्य केला.

घटकाइतकीच व्याख्याही महत्त्वाची. जनगणनेत मातृभाषा म्हणजे बालपणी आईने ज्या भाषेत संभाषण केले ती भाषा. शाळेची वा बाजाराची नव्हे. त्यामुळे इंदूर वा वडोदऱ्यात हिंदी-गुजरातीत शिकलेली व्यक्तीही मराठीच्या रकान्यात येऊ शकते. २०११ च्या गणनेत देशातील मराठी भाषकांची संख्या ८ कोटी ३० लाखांहून अधिक भरली. मात्र त्यांतील किती जण मराठी वाचतात, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

माहिती खुली असली, तरी व्यक्तीची नोंद खुली नसते. १९४८ च्या जनगणना कायद्याने ती गोपनीय ठेवली आहे. प्रसिद्ध होतात त्या केवळ बेरजा. २०१२ साली केंद्र सरकारने माहितीच्या खुलेपणाचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले आणि विविध खात्यांची कोष्टके संगणकावर सर्वांना उपलब्ध होऊ लागली. ग्रंथालयाच्या कपाटातील अहवाल असो वा पडद्यावरील कोष्टक, नवख्या वाचकाने प्रथम पाहावयाचे ते इतकेच : प्रश्न कोणता विचारला होता, घटक कोणता धरला आणि गणना कोणत्या वर्षीची आहे. त्यानंतरच आकड्याकडे वळावे.